डाव्या बाजूचा हर्निया

२ मार्च, रविवार

बुधवारी ऑपरेशन. छातीच्या डाव्या बाजूची गाठ, तिच्याभोवतीचं सगळं आणि तपासणीसाठी काखेतल्या दोन-तीन ग्रंथी काढणार आहेत. कॅन्सर आहे हे सुई घालून आधीच ठरलंय. स्तनाचा कॅन्सर. शब्द लिहून पाहिला. पेनाला काही झालं नाही.

पुरुषांनाही होतो. या आजाराच्या शंभर पेशंटांत एखादा पुरुष निघतो, असं सर्जनबाई म्हणाल्या. मला आजवर कुठल्या सोडतीत साधा टॉवेल लागलेला नाही.

मी घाबरलेलो नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या म्हणण्यानुसार न घाबरलेला माणूस रविवारी दुपारी घरातले सगळे बूट पॉलिश करत नाही. कन्येचे कापडी होते, तेही केले.

सर्जनबाईंनी एक काम दिलंय. हा आजार कधीकधी घराण्यातून येतो. तेव्हा सख्ख्या बहिणीला आत्ताच सांगा, तिने तपासणी करून घ्यायला हवी, वाट बघत बसू नका. मी मान डोलावली. दिरंगाई माझ्या स्वभावात नाही. मी सरकारी लिफ्ट तपासनीस आहे. वीस वर्षांत एकाही लिफ्टच्या शेऱ्यात 'नंतर बघू' असं लिहिलेलं नाही. घरी येताच ताईला फोन लावला आणि सांगितलं, की बुधवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

हे असं तोंडातून का निघालं यावर संध्याकाळभर विचार केला. खोटं म्हणता येईल का? हर्नियात आतलं काहीतरी फुगून वर येतं. माझ्याही आतलं काहीतरी फुगून वर आलंय. फरक दोन वितींचा. शिवाय ऑफिसात शुक्रवारीच हर्निया सांगून बसलोय. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

ठराव: ऑपरेशन झालं की ताईला खरं सांगायचं. आधी सांगून तिला कशाला ताण?

४ मार्च, मंगळवार

दाखल झालो. काउंटरवरच्या मुलीने बायकोला विचारलं, शेवटचं जेवण कधी झालं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. बायकोने सगळी उत्तरं दिली, मग म्हणाली की पेशंट हे. मुलीने माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

हा मजला बायकांचा. मला टोकाची खोली, चादरींच्या कोठाराशेजारी. नर्सने दारावर कागद चिकटवलाय: 'आत पुरुष आहे.' वाचून आपण बिबट्या आहोत असं वाटतं.

बायको म्हणाली, आज तरी ताईंना फोन कर. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटने शांत राहावं अशी हॉस्पिटलची लेखी सूचना आहे. सूचना पाळायच्या नाहीत तर लावायच्या कशाला?

६ मार्च, गुरुवार

काल झालं. डावा हात उशीवर, उजव्याने लिहितोय. छातीवर पट्ट्या. काखेखालून एक रबरी नळी निघते आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. बाटलीत लालसर पाणी साठतं. नर्स ते दिवसातून दोनदा मोजते आणि खूश होते किंवा होत नाही.

ऑपरेशनला नेताना लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबली. स्ट्रेचरचं चाक अडखळलं. मी पडल्या पडल्या वॉर्डबॉयला सांगितलं, ब्रेकचं काम आहे, आज लिफ्ट बंद ठेवा. तो म्हणाला, हो काका. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. आठपर्यंत मी ब्रेकबद्दलच बोलत होतो म्हणे. याला मनाचा तोल म्हणतात. नर्सने बायकोला सांगितलं की आठनंतर मी दोनदा ताईला हाक मारली. भुलीत माणूस काय वाटेल ते बोलतो.

सकाळी सर्जनबाई आल्या. सगळं नीट निघालं. काढलेलं तपासणीला गेलंय; ग्रंथींत पसरलंय का, कडा स्वच्छ आहेत का, हे आठवडाभरात कळेल. मग विचारलं, बहिणीला सांगितलं का. मी डोळे मिटले. औषधाची गुंगी होती. थोडीफार.

९ मार्च, रविवार

घरी. ताई येऊन गेली. हॉस्पिटलात तिला येऊ दिलं नव्हतं; इन्फेक्शनचं कारण पुढे केलं होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ड्रायव्हिंग स्कूल चालवते. उभं आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, पाय स्वतःच्या वेगळ्या ब्रेकवर ठेवून काढलंय. समोरचा कुठे वळणार हे त्याच्या आधी तिला कळतं. म्हणून पूर्वतयारी केली. बाटली पांघरुणाखाली. उजवा हात पोटावर, हर्नियाला शोभेल असा.

ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, पोट दुखतंय तर खांदा का वर धरलायस. गॅस, मी म्हटलं. गॅस खांद्यात कधीपासून जायला लागला, तिने विचारलं. मोठा असला की जातो, म्हटलं. कन्या उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून खोकल्याचे आवाज आले.

सांगायला संधी होती हे कबूल. बायको मुद्दाम चहा करायला गेली आणि तीन कपांना अर्धा तास लावला. पण ताई दमलेली दिसली. सकाळीच एका शिकाऊने गाडी दुभाजकावर चढवली होती. अशा दिवशी नको.

निघताना दारात थांबली. म्हणाली, मलाही तुझ्याशी जरा बोलायचं होतं. मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, आधी तू बरा हो. मी म्हटलं, हो, काही घाई नाही. बहुतेक नवीन गाडी घेण्याचं चाललं असेल. दोघांनीही एकमेकांना किती जपलं. अशी भावंडं हल्ली बघायला मिळत नाहीत.

११ मार्च, मंगळवार

ऑफिसातून अनुभवी आला होता. कोणी कुठलाही आजार काढला की तो याला आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून हे नाव. हर्निया तर दोन्ही बाजूंना. येताना स्वतःचा हर्नियाचा पट्टा घेऊन आला, धुऊन.

कुठली बाजू, त्याने विचारलं. डावी, मी म्हटलं. याहून खरं उत्तर कोणी दिलं नसेल. मग त्याला बाटली दिसली. नळी दिसली. नळी खाली न जाता वर शर्टात जाते हेही दिसलं. नवी पद्धत, मी म्हटलं, छातीतून शिरतात, वरून खाली येतात. तो विचारात पडला. त्याच्या वेळी सरळ जागेवरच कापलं होतं. त्याच्या डोळ्यांत जो आदर उमटला तो मला वीस वर्षांच्या नोकरीत पाहायला मिळाला नव्हता.

पट्टा बांधल्याशिवाय हलायला तयार नव्हता. बांधून घेतला. पट्टा कमरेला, जखम काखेत, मधल्या भागात मी.

जाता जाता सर्जनचं नाव विचारलं. साहेबांच्या मेहुण्याला हर्निया आहे आणि तो ऑपरेशनला भितो. नवी पद्धत म्हटल्यावर तयार होईल. नाव आणि नंबर दिला. न देणं संशयास्पद झालं असतं.

१३ मार्च, गुरुवार

आज रिपोर्ट यायचा होता. मी काही वाट बघत बसलेलो नाही. वाट बघणारा माणूस फोन हातात घेऊन बसतो. माझा टेबलावर होता. टेबल पलंगाला टेकवून घेतलं होतं, पण ते औषधांसाठी.

फोन आले ते असे. ताई: हर्नियात जड उचलू नकोस. कर्ज हवंय का विचारणारी मुलगी. ताई: खोकताना पोटावर उशी दाबून धर. मी दोन्ही वेळा बरं म्हटलं आणि दुसऱ्या वेळी फोनवरच उशी धरून खोकून दाखवलं.

लॅबला फोन केला, पेशंटचा चुलतभाऊ म्हणून. दुपारी दुसरा, पेशंटचे शेजारी म्हणून. तिसऱ्या वेळी पलीकडची बाई म्हणाली, काका, आवाज ओळखलाय, आला की आम्हीच कळवू.

ठराव: रिपोर्ट हातात आल्याशिवाय ताईला सांगायचं नाही. अर्धवट माहितीवर शेरा मारू नये हे मी नव्या तपासनिसांना शिकवतो.

१७ मार्च, सोमवार

रिपोर्ट नाही. काही जादा तपासण्या लावल्यात. जादा कशाला, असं विचारलं नाही.

नळी काढली. सर्जनबाई म्हणाल्या, मोठा श्वास घ्या. घेतला. त्यांनी ओढली. त्यावर मी जो शब्द उच्चारला तो इथे लिहिण्यासारखा नाही. शेजारच्या पडद्यामागून एक म्हातारी म्हणाली, अगदी बरोबर.

घरी येऊन पहिल्यांदा नीट आरशात पाहिलं. डावीकडे सपाट, आणि एक आडवी रेघ. पुरुषाला काय फरक पडतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. म्हणजे मलाच सांगत होतो, बाकीच्यांना तर हर्निया होता. शर्ट घातला, बटणं लावली. मग बटणं काढून परत पाहिलं. काही फरक पडत नाही. परत लावली. गळ्याजवळचंही लावलं.

हाताचा व्यायाम चालू. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि पोचलो तिथे पेन्सिलीने खूण. आज कालच्यापेक्षा चार बोटं वर. कन्येने विचारलं, बाबा, घरात बूट कशाला घातलेत. फरशी गार होती.

२० मार्च, गुरुवार

ग्रंथी स्वच्छ. कडा स्वच्छ. किमो नको. रोज एक गोळी, पाच वर्षं.

सर्जनबाई अजून बोलत होत्या आणि बायको टेबलाची कड धरून रडायला लागली. मी तिला रुमाल दिला. थोड्या वेळाने मला लागला तेव्हा तो पार भिजलेला होता. त्या खोलीत धूळ फार आहे.

जनुकांच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. त्याला महिना लागेल. पण बहिणीने त्यासाठी थांबू नये, बाई म्हणाल्या, सांगितलं ना त्यांना? मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. लिफ्टचा दोर बदलला का असं विचारलं की इमारतवाले मला हेच उत्तर देतात. मी त्यांची लिफ्ट बंद करतो.

परतताना रिक्षात शांतपणे विचार केला. आजचा दिवस आनंदाचा. आनंदाच्या दिवशी असं काही सांगू नये. आणि धोका टळलाय म्हटल्यावर सांगण्यासारखं उरलंय तरी काय? बायकोला हा मुद्दा समजावून दिला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धोका तुझा टळलाय."

रिक्षा थांबताच उतरून ती एकटीच पुढे गेली.

ठराव: रविवारी. नक्की.

२४ मार्च, सोमवार

रविवार गेला. कारण खरं आहे, बनवलेलं नाही: गोळी. सुरू केल्यापासून अंगातून मध्येच वाफ निघते. कानांपासून सुरू होते. बायकोला हे वर्षभर होतंय आणि मी वर्षभर तिला म्हणत होतो की पंखा कमी कर, मनाचे खेळ असतात. काल दोघंही पंख्याखाली बसलो होतो, ओले. कन्या स्वेटर घालून जेवली. बायकोने एकदाही मनाचे खेळ हा शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

ताईला फोनवर म्हटलं, हर्नियाच्या गोळ्या उष्ण पडल्यात, घाम फुटतो, चिडचिड होते. ती म्हणाली, हे तर मला झालं होतं, पाळी गेली तेव्हा. तुझा डॉक्टर तुला नक्की काय देतोय ते बघ जरा.

२७ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलात एक गट भरतो, हे ऑपरेशन झालेल्यांचा. सर्जनबाईंनी जायला सांगितलं. मी फक्त पाहायला म्हणून गेलो.

गट चालवणाऱ्या बाई निवृत्त पोस्टमास्तर. दारातच म्हणाल्या, भाऊ, नवरे बाहेर बसतात. मी बाहेर नवऱ्यांमध्ये बसलो. एका नवऱ्याने विचारलं, मिसेस कशा आहेत. मी म्हटलं, उत्तम. यातही खोटं काही नाही. पाऊण कप चहा झाल्यावर नर्स मला शोधत आली आणि सगळ्या नवऱ्यांसमोर म्हणाली, अहो, तुमची जागा आत आहे. नवरे उठून उभे राहिले. का, कोण जाणे.

आत दहा-बारा बायका. त्या आता काय म्हणतील याची सगळी उत्तरं तयार होती. त्यांनी विचारलं, हात कुठवर जातो. नळी काढताना ओरडलात का. कुठली गोळी. वाफा येतात ना. मी फार बोललो नाही. अर्धा-पाऊण तास.

हर्नियाचा किस्साही सांगितला. अनुभवी, पट्टा, वरून शिरण्याची नवी पद्धत. एक बाई हसून हसून टाक्यांवर हात धरून बसली. मीही रंगलो. मग ताई येऊन बसली आणि मी पोट धरून पडलो होतो, तो भाग सांगितला. कोणी हसलं नाही. सांगण्यात काही कमी राहिलं असेल म्हणून गॅसचं परत सांगितलं.

पोस्टमास्तरबाईंनी विचारलं, बहीण मोठी का. हो, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग अजून तिला हर्नियाच ठाऊक आहे?"

पंखा चालू होता तरी कानांपासून सुरू झालं. गोळीच असणार.

१ एप्रिल, मंगळवार

परवा कामावर रुजू व्हायचं. आज सर्जनबाईंचा फोन. म्हणाल्या, त्यांच्यासमोर एक धिप्पाड गृहस्थ बसलेत. सकाळपासून बायकांच्या रांगेत बसून नंबर लावलाय. त्यांना हर्निया आहे आणि तो छातीतूनच काढावा असा आग्रह आहे. साधी पद्धत नको म्हणतात. तुमचं नाव सांगतायत.

साहेबांचा मेहुणा.

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. त्या म्हणाल्या, हो, माझाही तोच अंदाज आहे. त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते, तुमच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. त्यांनी शब्द पाळला असणार. पण दारावर पाटी आहे, आणि मेहुण्याला वाचता येतं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. अगदी हळू आवाजात म्हणाले, सावकाश या, काही घाई नाही. हा माणूस आजवर कोणाशी हळू बोललेला नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशीसुद्धा नाही.

३ एप्रिल, गुरुवार

रुजू. सगळ्यांना कळलंय. कळलंय हे मला कळू नये म्हणून सगळे माझ्या कपाळाकडे बघून बोलतात. नजर खाली घसरली की खोकतात. टायपिस्टबाई तेवढी सरळ म्हणाली, माझ्या मावशीला होता, ठणठणीत आहे, तुम्ही चहा घेणार का. घेतला.

अनुभवी फार दुखावलाय. त्याला न झालेला आजार मी काढला, वर त्याच्यापासून लपवला. पट्टा परत मागितला. धुऊन दे म्हणाला.

आढावा घेतो. बायकोला माहीत, कन्येला माहीत. ऑफिस, साहेबांचा मेहुणा, गटातल्या बायका, लॅबवाली बाई, बाहेरच्या बाकावरचे नवरे, सगळ्यांना माहीत. आता फक्त ताई राहिली. म्हणजे काम जवळजवळ पूर्ण झालं.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार होतो. राहू दे तसंच.

६ एप्रिल, रविवार

ताईने बोलावून घेतलं. महिनाभर गाडीला हात लावलेला नाहीस, म्हणाली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा चालवायची ती माझ्या शेजारी बसून. तिचं सरावाचं मैदान, तिची शाळेची गाडी, तिच्या पायाखाली तिचा ब्रेक. मला बरंच वाटलं. चालत्या गाडीत सांगणं सोपं. एकमेकांकडे बघावं लागत नाही. भाषण तयार होतं. आधी प्रस्तावना, मग हा आजार किती साधा आहे, मग माझे चांगले रिपोर्ट, आणि अगदी शेवटी, जाता जाता, तूही एकदा दाखवून घे.

पहिला गिअर टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्याला डावा हात पुढे ढकलला आणि काखेपासून कोपरापर्यंत असं काही चमकलं की मी ओरडलो. तिने ब्रेक दाबला. गाडी मैदानाच्या मधोमध थांबली, शंकूंच्या रांगेत.

ती म्हणाली, "हर्निया गिअरच्या हातात असतो का रे?"

भाषणाचा एकही भाग आठवला नाही. म्हटलं, ताई, हर्निया नाहीये. छातीत कॅन्सर होता. काढला. मग तिने विचारायच्या आधीच शर्टाची वरची बटणं काढून दाखवलं. सात वर्षांचा असताना गुडघा फुटला की दाखवायचो तसं. तिने पाहिलं. चावी फिरवून इंजिन बंद केलं. कधी कळलं, तिने विचारलं. फेब्रुवारीत. तिने मान हलवली. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात तूही तपासून घ्यायला हवं, तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी.

ती समोरच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "मला उजवीकडे काहीतरी लागतंय. जानेवारीपासून."

मी शर्टाची बटणं परत लावायला लागलो.

"त्या दिवशी तुला सांगणारच होते. पण तू पोट धरून पडलेला. म्हटलं, याचा हर्निया आधी बरा होऊ दे, मग बघू."

नवीन गाडी घेण्याचं चाललं असेल, असं मी त्या दिवशी लिहिलंय. मागचं पान उलटून खात्री करून घेतली. लिहिलंय.

ती रागावली नाही. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. रागाला माझ्याकडे उत्तरं असतात. फक्त म्हणाली, सरक, गाडी मी चालवते. मी उतरून वळसा घालून तिच्या बाजूला गेलो. घरापर्यंत माझा पाय तिच्या त्या वेगळ्या ब्रेकवर होता. कुठे दाबायचा ते कळलं नाही.

आज ठराव नाही.

१० एप्रिल, गुरुवार

ताईला घेऊन सर्जनबाईंकडे. त्यांनी तिला तपासलं, फोटो काढून घेतले. गाठ आहे. लहान आहे. कसली, ते सुईशिवाय सांगता येणार नाही. सुई आजच घालू, रिपोर्ट सोमवारी. ताईला म्हणाल्या, आलात ते बरं केलंत. मला काहीच म्हणाल्या नाहीत. पुढच्या वेळी म्हणाल्या तर काय सांगायचं, यावर विचार केला. काही सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच असं झालं की न सुचलेलंच बरोबर वाटलं.

सुईच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. बायको पाणी आणायला गेली होती. ताई गप्प. ती गप्प असली की कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी माहिती दिली. सुई किती जाड असते. आवाज कसा येतो, खिळे मारायच्या पिस्तुलासारखा. नंतर बर्फ कुठे धरायचा. कुठल्या कुशीवर झोपायचं. उजव्या हाताने दोन दिवस स्टिअरिंग नको. लॅबला फोन करायचा तर दुपारी दोननंतर, तेव्हा ती बाई जेवून आलेली असते. आपण अनुभवीसारखं बोलतोय हे मध्येच लक्षात आलं, पण थांबता येईना.

तिने विचारलं, आणि चार दिवस रिपोर्टची वाट कशी बघायची.

तिला धीर द्यायला हवा होता, धाकटा असलो तरी. म्हटलं, ताई, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मला बघ. मी तर पूर्ण वेळ एकदम शांत होतो. आत्ताही शांत आहे.

ती म्हणाली, "हो का? मग माझा हात सोड. बोटं मोडशील."